नॉर्वेकरांचं नख

समोर येईल ती वस्तू नखाने वाजवून पाहायची, ही त्यांची खोड. उजव्या हाताच्या तर्जनीचं नख त्यांनी त्यासाठीच थोडं वाढवलेलं होतं. शाईची दौत, माठ, पितळी तांब्या, खिडकीचा गज, काहीही असो. टक्‌ करून एक टिचकी, मग मान डावीकडे कलती, डोळे अर्धे मिटलेले, आणि पाठोपाठ ठरलेले शब्द, "ऐका, सांगतोय." एकदा दुपारी आमचे खजिनदार पगडी उतरवून तक्क्याला टेकून डुलक्या घेत होते. ह्यांचं बोट त्यांच्या तुळतुळीत डोक्यापासून दोन अंगुळांवर जाऊन थांबलं. आम्ही सगळ्यांनी श्वास रोखून धरला होता. ते बोट मागे गेलं याचं मला अजून वाईट वाटतं.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात आला असेल. कुणाच्या अध्यात ना मध्यात, आपल्याच नादात दंग, आणि म्हणूनच चारचौघांना तोंडी लावायला आयता मिळालेला. तुम्ही त्याला हसला असाल, आणि नंतर आपण कशाला हसलो ते विसरलाही असाल. मला विसरता येत नाही.

मी मूळचा देवासचा. त्या वर्षांत धारेला एका सरदारांच्या कोठीवर नोकरीला होतो. कोठाराच्या किल्ल्या माझ्या कमरेला असत. हे नखवाले गृहस्थ तिथेच इंग्रजी पत्रव्यवहाराचे कारकून होते. त्यांचं खरं नाव मी लिहिणार नाही. ते तोंडी घेण्याचा अधिकार मी गमावला आहे, कसा ते पुढे कळेलच. आम्ही सगळे त्यांना नॉर्वेकर म्हणत असू, तेच इथे चालू द्या.

माळव्यात समुद्र कुठला? पण महूच्या छावणीतले साहेबलोक सरदारांकडे जेवायला आले की त्यांना मासा लागे, आणि तो समुद्राचा लागे. म्हणून मुंबईच्या दुकानांतून पत्र्याच्या डब्यांची खोकी यायची. सारडीन, सालमन, हेरिंग, असली आम्हाला उच्चारता न येणारी नावं. त्यांच्या मागण्या लिहायच्या हे नॉर्वेकरांचं काम, आणि आलेले डबे फळीवर रचून ठेवायचे हे माझं.

गंमत अशी की ह्या गृहस्थांनी जन्मात मासा चाखला नव्हता. देशस्थ घर, दोन वेळची संध्या, एकादशीला पाणीसुद्धा बेताने. समुद्र पाहिलेला नव्हता. धामनोदच्या पुढे खलघाटला नर्मदा दिसते, तेवढंच त्यांनी पाहिलेलं मोठं पाणी. तरी डब्यांना ते बिनदिक्कत हात लावत, कारण त्यांनी स्वतःपुरता एक निवाडा करून टाकला होता. धातूला विटाळ नाही. डबा बंद आहे तोवर ते एक भांडं आहे, मांडीवर घेतलं तरी चालेल. आमचा गोव्याचा खानसामा मिंगेल, त्याने डब्याला सुरी लावली रे लावली की नॉर्वेकर मोजून तीन पावलं मागे सरत आणि तिथूनच त्याला प्रश्न विचारीत. आत तेल आहे का? कसलं? काटा मऊ झालाय का? मिंगेल बिचारा काटा चावून दाखवी.

घरी गेल्यावर त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्यांना ओट्यावरच थांबवत आणि ते एक नख राखेने घासायला लावत. मी एकदा वहिनींना विचारलं होतं, बाकीची नऊ नखं बाटत नाहीत वाटतं? त्या म्हणाल्या, "ऐकतं ते एकच."

खोक्यांत पेंढ्याबरोबर देशोदेशीची वर्तमानपत्रं कोंबलेली असत. ती नॉर्वेकर एकेक उलगडून, हाताने सपाट करून, दप्तरात बांधून ठेवीत. डब्यांवरच्या चिठ्ठ्या भिजवून सोडवीत. दुकानांचे कॅटलॉग तर त्यांना पोथ्यांसारखे पाठ होते. मिंगेल तरुणपणी आगबोटीवर होता, त्याला दोनचार भाषा मोडक्यातोडक्या कळत. न समजलेला मजकूर ते त्याच्याकडून काढून घेत. एवढ्या भांडवलावर हा माणूस धारेत बसून साऱ्या पृथ्वीच्या मासळीचा धंदा जाणत होता.

आम्ही कचेरीच्या पडवीत पुरणपोळ्या खात असू आणि हे सांगत असत, हेरिंगचं पोट कसं फाडतात. स्कॉटलंडात ते काम बायका करतात, बोटांना चिंध्या गुंडाळून, आणि मासळी जिकडे जाईल तिकडे गावोगाव तिच्या मागे जातात. फ्रान्सात सारडीन आधी वाळवून तेलात तळतात. नॉर्वेत तिला लाकडाच्या धुरावर धरतात. अमेरिकेत आता एक यंत्र निघालंय, ते सालमनचं डोकं, शेपूट आणि पर एका फेऱ्यात उडवतं. जिथे तीस माणसं लागत तिथे दोघं उभी असतात. जपानी लोक खेकडे डब्यांत भरू लागलेत. पूर्वी डबा बंद करायला झाळ लावणारा कसबी माणूस लागे, आता नुसती कडा दुमडून दाबतात. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून मासा रुसून गेला तेवढ्यात नॉर्वेने बाजार मारला, आणि आता फ्रान्सवाले म्हणतात सारडीन हे नाव आमचंच, दुसऱ्याने लावायचं नाही. देवासला एकाच गावात दोन राजे, थोरली पाती आणि धाकटी पाती, त्यांचे दोन नगारे ऐकत वाढल्यामुळे हे शेवटचं भांडण तेवढं मला चटकन कळलं.

त्यांचा जीव होता नॉर्वेवर. पोळी जाड झाली, पत्राला उत्तर उशिरा आलं, शिपाई दाराशी पान खाऊन थुंकला, की ते हळूच म्हणत, "नॉर्वेत असं चालत नाही." म्हणून नॉर्वेकर. नाव मीच ठेवलं होतं.

आमची थट्टा हाताबाहेर गेलेली होती हे आता कळतं. एकदा आम्ही त्यांच्या पानसुपारीच्या डब्यात माशाचा काटा ठेवला. त्या दिवशी ते उठले, विहिरीवर जाऊन कपड्यांसकट आंघोळ केली आणि दिवसभर उपाशी राहिले. ओल्या धोतरात पत्रं लिहीत बसलेले मला दिसतात. दुसऱ्या दिवशी चिमट्यात धरून तो काटा त्यांनी कागदात गुंडाळून माझ्यापुढे ठेवला. रागावले असतील असं वाटून मी तयारीत होतो. ते म्हणाले, "हेरिंगचा आहे. सारडीनचा इतका टणक राहत नाही." आम्ही पोट धरधरून हसलो, आणि तेही थोडेसे हसले.

त्यांचं एक स्वप्न होतं. खलघाटला नर्मदेकाठी मासे डब्यात भरण्याचा कारखाना. महाशीर मासा सालमनच्या तोडीचा आहे असं त्यांनी कुठूनसं वाचलं होतं. त्यांनी नकाशा काढला, भट्टी कुठे, वखार कुठे, भोयांच्या होड्या कुठे लागतील, सगळं. कारभाऱ्यांनी, म्हणजे सरदारांचा सगळा खासगी कारभार पाहणाऱ्या आमच्या मुख्यांनी, तो नकाशा उलटा धरून पाहिला आणि म्हणाले, आधी एक डबा करून दाखवा.

नॉर्वेकरांनी तो केला. भोयांकडून मासा आणवला, बोहऱ्याकडून डबा बनवून घेतला, मिंगेलने मासा कापला, आणि हे नाकाला उपरणं लावून वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहून हुकूम सोडत होते. धुण्याच्या तांब्याच्या हंड्यात डबा उकळला. थंड झाल्यावर टक्‌ करून वाजवला. चेहरा असा उजळला की मुलगा झाला म्हणावं. डबा कारभाऱ्यांच्या चौरंगावर मानाने ठेवला गेला, आणि महिन्याभराने एका दुपारी तो तिथेच फुटला. कारभाऱ्यांची पगडी, दप्तर, मागची भिंत, आणि तो वास. तीन दिवस कचेरी पिंपळाखाली भरत होती.

त्या दिवसापासून त्यांच्या शब्दाला किंमत उरली नाही. पण ते स्वतः मात्र त्या फुटलेल्या डब्यामागे लागले. डबा का फुगतो? कागद धुंडाळून त्यांनी शोधलं आणि आम्हाला सांगितलं की पाणी उकळण्याची ऊब काही वेळा पुरत नाही, आत काहीतरी जिवंत राहतं, आणि ते वाढून डब्याला आतून ढकलतं. कारभारी म्हणाले, आत नॉर्वेकरच राहत असतील. तेही सगळ्यांनी उचलून धरलं. कुठला डबा थोडासा जरी वेडावाकडा निघाला तरी शिपायापासून सगळे ओरडत, नॉर्वेकर बाहेर या.

आता मूळ गोष्ट.

वैशाखात सरदारांकडे शिकारीचे पाहुणे यायचे होते. तीसएक साहेब आणि मडमा. कारभाऱ्यांनी त्या खेपेला मुंबईला मागणी न लिहिता छावणीतल्या एका लिलावातून सालमनची सहा खोकी उचलली. कुठल्याशा पत्र्याच्या वखारीत तो माल एक उन्हाळा काढून आला होता. हे सरदारांना ठाऊक नव्हतं आणि ठाऊक होऊ नये अशी कारभाऱ्यांची इच्छा होती.

डबे मी लावले. आणि इथे माझी अक्कल पाहा. आमच्याकडे पुरी टम्म फुगली की ती आधी पाहुण्याच्या पानात पडते. चेपलेल्या, बसक्या पुऱ्या घरच्यांना. लहानपणापासून डोळ्यांना तीच सवय, आणि फुगलेल्या डब्याविषयी नॉर्वेकरांनी सांगितलेलं हशात केव्हाच उडून गेलं होतं. खोक्यांतले काही डबे सपाट होते आणि काही दोन्ही अंगांनी टम्म. मी मनाशी म्हटलं, हे चांगले ठासून भरलेले दिसतात. टम्म डबे निवडून पुढच्या फळीवर मांडले आणि त्यावर माझ्या हाताने चिठ्ठी लावली, 'खास'. मुख्य टेबलासाठी.

पाहुणे आले त्या दिवशी सकाळी नॉर्वेकर यादी जुळवायला कोठारात आले. पहिला डबा वाजवला. आवाज टक्‌ असा आला नाही, ढब्‌ असा आला. दुसरा, तिसरा. पुढच्या फळीवरचा एकेक डबा त्यांनी वाजवला, आणि प्रत्येक वेळी तोच पोकळ आवाज. 'ऐका, सांगतोय' हे त्या दिवशी ते म्हणाले नाहीत. चिठ्ठीवरचं अक्षर त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, चिठ्ठी काढून घेतली आणि आपल्या बाराबंदीत खोचली. मग कारभाऱ्यांकडे गेले. मीही मागोमाग गेलो, मजा पाहायला.

कचेरी भरलेली होती. नॉर्वेकर म्हणाले, पुढच्या फळीवरचा एकही डबा उघडू नये, आणि खरं तर सहाही खोकी पुरून टाकावीत. कारभारी हसले. "भिया, फुगला म्हणजे भरला. कमी भरलेलं कधी फुगतं का? खामखा कशाला अपशकुन करता?"

नॉर्वेकरांनी न अडखळता सांगितलं. त्यांचा आवाज पत्र वाचून दाखवताना असे तसा होता. ह्यातला घासभर पोटात गेला तर माणूस पहिला दिवस ठणठणीत असतो. दुसऱ्या दिवशी एकाचे दोन दिसू लागतात, पापण्या पडतात, मग जीभ जड होते, गिळता येत नाही, आणि मग छाती थांबते. शुद्ध शेवटपर्यंत असते. प्रत्येक डबा असाच निघेल असं नाही, पण कुठला तसा आहे ते बाहेरून सांगता येत नाही.

मिंगेल दाराशी उभा होता. कारभाऱ्यांनी त्याला विचारलं. मिंगेलने आयुष्यभर डबे उघडले होते, त्याला सगळं कळत होतं. तो जमिनीकडे पाहून म्हणाला, "मी चूल बघतो, साब. डबे कोठारवाले बघतात." मग कारभारी माझ्याकडे वळले. डबे कुणी निवडले, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडण्याआधी नॉर्वेकर म्हणाले, "निवडायचं काय त्यात? सगळे सारखेच आहेत." बाराबंदीतल्या चिठ्ठीचं टोक मला दिसत होतं. मी तोंड मिटलं.

कारभाऱ्यांना आता ते प्रकरण हसण्यावारी संपवायचं होतं. सरदार रानात होते, संध्याकाळी पाहुण्यांसह परतणार होते. दुसरी मासळी आणायला वेळ नव्हता आणि लिलावाची गोष्ट बाहेर फुटायला एवढी एक जीभ पुरे होती. ते तक्क्याला टेकले आणि म्हणाले, "नॉर्वेकर, इतकी वर्षं तोंडाने साऱ्या दुनियेचे मासे खाल्लेत. आज एक खरा खाऊन दाखवा. नाहीतर लिहून द्या, की माझं नख खोटं आहे, आणि ह्यापुढे मासळीचा शब्द काढणार नाही."

कचेरी हसली. मीही हसलो. शेंडीवाला माणूस सालमन खाणार, ही कल्पनाच हसण्यासारखी होती.

नॉर्वेकरांनी बाराबंदीतली चिठ्ठी आत नीट सरकवली. मग म्हणाले, "खाऊन संध्याकाळपर्यंत काही होणार नाही. उद्या कळेल."

"मग?"

"मी खाल्लं, तर आज वाढायचं नाही. उद्यापर्यंत माझी वाट पाहायची. असा शब्द सगळ्यांसमोर देता का?"

कारभाऱ्यांनी हसत हसत हात पुढे केला. हा माणूस खाणार नाही ह्याची त्यांना इतकी खात्री होती की शब्द द्यायला काही मोल पडत नव्हतं. "दिला शब्द," ते म्हणाले.

डबा मी आणला. उघडलाही मीच. सुरी टोचताच आतून फुस्स करून वारा आला आणि पुढे बसलेल्यांनी धोतराचे सोगे नाकाला लावले. मी नॉर्वेकरांच्या पायांकडे पाहत होतो. तीन पावलं मागे जातील असं मला वाटलं. ते जागचे हलले नाहीत. उलट खाली बसले, मांडी घातली आणि पत्रावळ मागितली.

कुणीतरी पत्रावळ टाकली. मिंगेलने डोळे पुसत त्यावर तो गुलाबी तुकडा ठेवला. नॉर्वेकरांनी उजव्या हातात पाणी घेतलं आणि जेवायला बसताना रोज करत तसं पानाभोवती फिरवलं. ह्यावर जो हशा उठला तो मला आजही ऐकू येतो, कारण त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. माशाभोवती पाणी फिरवणारा ब्राह्मण आम्ही कुणी पाहिला नव्हता. ते त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं. हाताला सवय होती.

त्यांनी खाल्लं. एक घास नाही, सगळा तुकडा, सावकाश, काटासुद्धा चावून. शेवटी हात धुतला आणि मिंगेलला म्हणाले, "काटा मऊ असतो म्हणत होतास ते खरं आहे. मीठ थोडं जास्त आहे. अमेरिकेचा हा." एवढी वर्षं ज्याच्याविषयी बोलले ते असं लागतं हे त्यांना कळलं, एवढाच त्या दिवसाचा त्यांचा लाभ.

हसणं थांबलं होतं. कारभाऱ्यांचा चेहरा उतरला होता, पण ते लगेच सावरले. बाटलेल्या माणसाने कचेरीत थांबू नये, घरी जावं, असं त्यांनी सांगितलं. नॉर्वेकर उठले. जाताना दाराशी वळून त्यांनी कारभाऱ्यांना शब्दाची आठवण करून दिली आणि गेले. ते घरी पोचायच्या आधी बातमी आळीत पोचली होती. दुपारी वहिनी पाण्याला गेल्या तेव्हा विहिरीवरच्या बायकांनी आपापल्या घागरी उचलून बाजूला घेतल्या.

दिवेलागणीच्या सुमाराला कारभारी कोठारात आले. 'खास' फळीपुढे बराच वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, मटण वाढा, मासा राहू द्या. तेव्हा मला समजलं की ह्या माणसाने सकाळीच सगळं खरं मानलं होतं. आम्ही सगळ्यांनीच मानलं होतं. त्या नखावर अविश्वास असा कुणाचाच नव्हता, फक्त तसं म्हणायची कुणाची तयारी नव्हती. तीस पाहुणे मटण जेवले, पान खाल्लं, गाणं ऐकलं. मासा कुठे आहे असं एकानेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी नॉर्वेकर आले नाहीत. दुपारी कारभाऱ्यांनी मला पाठवलं, काय म्हणतो ते पाहून ये म्हणून.

ते ओसरीवर बाजेवर पडले होते. दोन्ही पापण्या खाली आलेल्या. वहिनींनी मी आल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी बोटाने एक पापणी वर उचलून माझ्याकडे पाहिलं. बोलायला गेले तर तोंडातून नुसती घरघर. जीभ जड झाली होती. सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमाने. मी ओट्याच्या खाली उभा होतो. वर चढलो नाही. बाजेपासून मोजली असती तर तीन पावलं भरली असती.

मग त्यांनी हात लांब केला आणि उशाशी ठेवलेल्या तांब्यावर नखाने टक्‌ केलं. थांबले, पापणी उचलून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा टक्‌. वहिनी म्हणाल्या, "सकाळपासून असंच करताहेत. काय म्हणायचंय ह्यांना? तुम्हाला कळत असेल, तुम्ही रोज बरोबर असता."

मी म्हणालो, "पाणी मागताहेत."

त्यांनी पाणी पाजलं. ते गिळता येईना. ठसका लागला, पाणी नाकातून आलं, आणि त्या धावत उपरणं आणायला गेल्या. नॉर्वेकर श्वास जुळवून पुन्हा तांब्यावर वाजवत होते. मला अवघडल्यासारखं झालं आणि मी निघालो.

आळीच्या तोंडाशी आलो तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्यांना घरी हाकललं होतं. रात्रीच्या जेवणात काय वाढलं ते त्यांना सांगायला कोण येणार होतं? डबा उघडला की नाही, एवढंच ते विचारत होते. आणि उत्तर माझ्या खिशात होतं. वाढले नाहीत, दोन शब्द. शुद्ध शेवटपर्यंत असते हे त्यांनीच सांगितलं होतं, म्हणजे ऐकूही येत असणार.

मी परत फिरलो नाही. ओट्याओट्यांवर माणसं बसली होती आणि बाटलेल्याच्या घरी मी एकदा गेल्याचं सगळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्यांदा जाताना दिसायची लाज वाटली. उद्या सांगू असं मी ठरवलं. पहाटे ते गेले.

आमच्या आळीतला एकही खांदा मिळाला नाही. दोन हमाल, कोठीचा सईस आणि मिंगेल, अशा चौघांनी त्यांना नेलं. मी ओट्यावरून हात जोडले. कारभाऱ्यांनी कचेरीत 'पटकी' असं लिहवून घेतलं, आणि आळीने ठरवलं की अभक्ष्य खाल्लं त्याचं फळ मिळालं. दोन्ही बाजूंना ते सोयीचं होतं. वहिनींना त्यांचे भाऊ देवासला घेऊन गेले. मी पुढे देवासला परतलो तरी त्या घरावरून कधी गेलो नाही. टेकडीच्या अंगाने वळसा घेतो.

पंधरा दिवसांनी कारभारी मला म्हणाले, ते सालमनचे डबे आहेत ना, पुढच्या पाहुण्यांना काढा. पटकी लिहवता लिहवता त्यांना ते खरंही वाटू लागलं होतं. मी म्हणालो, डब्यांना वाळवी लागली. पत्र्याला वाळवी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि बरं म्हणाले.

दोन हमाल घेऊन मी सहाही खोकी तबेल्यामागे पुरली. एका हमालाने खड्ड्यात टाकताना डबा उलटसुलट करून पाहिला. "यो तो फूलीग्यो, बासाब," तो म्हणाला. डबा फुगलाय हे त्याला एका नजरेत कळलं. मी माती लोटायला सांगितली.

ज्येष्ठाचं ऊन तापलं तसे ते जमिनीत फुटू लागले. कचेरीची खिडकी तबेल्याच्या बाजूला होती. भर दुपारी, सगळे पेंगत असताना, मातीखालून आवाज यायचा. ढब्‌. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ढब्‌. त्यांची रिकामी बैठक अजून तिथेच होती, दौत तशीच, कॅटलॉगांचं दप्तर तसंच बांधलेलं. कारभाऱ्यांनी एकदा डोळे उघडले, मान वळवून खिडकीकडे पाहिलं आणि मला विचारलं, काय वाजतंय हो?

मी म्हणालो, "काही नाही."